सुवर्णाकाकू आणि शेतांभोवतीची गाणी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात सुवर्णा उकिडवे एकोणचाळीस वर्षं राहिल्या. त्यातली सत्तावीस वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयाच्या तळघरात काम केलं. गावातल्या आम्हा मराठी मंडळींना एवढंच माहीत होतं, की उकिडवेकाकू लायब्ररीत असतात. तिथे नेमकं काय करतात हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो, आणि गणपतीच्या कार्यक्रमात सुरुवातीचं पद काकूंनी म्हणायचं हा रिवाज माझ्या आधीपासूनचा होता. माझ्यासाठी त्या म्हणजे ते पद आणि त्यानंतर स्टीलच्या डब्यातून वाटलेल्या करंज्या.

काकू मूळच्या सांगलीच्या. संस्कृत घेऊन बी.ए., आणि गावातल्याच एका बुवांकडे नऊ वर्षं गाणं. लग्न झालं गुरुनाथ उकिडवे यांच्याशी. ते मातीचा अभ्यास करणारे, संशोधनासाठी इथे आलेले. त्यांच्या व्हिसावर काकूंना नोकरी करायला परवानगी नव्हती. पाच वर्षं त्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये बसून होत्या. त्यात राधिका झाली. इथे गाणं शिकवायला कुणी नव्हतं, ऐकायलाही नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा पोलिसांना फोन केला, कारण काकू सकाळी खर्जाचा रियाज करत होत्या आणि तिला वाटलं वर कुणीतरी आजारी पडून कण्हतंय. पोलीस सभ्य होते, असं काकू सांगायच्या. रियाज मात्र त्यांनी त्या दिवसापासून तोंड मिटूनच केला.

ग्रीन कार्ड आल्यावर त्यांना ग्रंथालयात अर्धवेळ काम मिळालं, पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं. तिथे त्यांची गाठ डॉक्टर लॅथम यांच्याशी पडली. लॅथम मध्ययुगातल्या चर्चसंगीताचे प्राध्यापक. त्यांनी युरोपातल्या जुन्या पोथ्यांच्या मायक्रोफिल्म मागवल्या होत्या आणि त्या फिल्मचे कागदी प्रिंट कुणीतरी क्रमानं लावून हवे होते. काकूंनी चार दिवसांत ते लावले आणि पाचव्या दिवशी लॅथमना सांगितलं, "सर, ही तीन पानं दुसऱ्याच पोथीची आहेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लिहिणाऱ्याचा हात वेगळा आहे. आणि हे गाणं इथे संपूच शकत नाही."

त्यानंतर चिठ्ठ्या चिकटवायला दुसरी बाई आली.

त्या पोथ्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या. लॅटिन शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा असतात. एखादी तिरपी रेघ, एखादा गळासारखा आकडा, दोन ठिपके. आवाज इथे वर चढतो, इथे उतरतो, इथे जरा रेंगाळतो, एवढंच त्या खुणा सांगतात. किती चढतो ते सांगत नाहीत. ते गाणाऱ्याला आधीच पाठ असायला हवं. मग दोन-तीनशे वर्षं नंतरच्या, रेघांवर स्वर मांडलेल्या पोथ्या शेजारी ठेवायच्या आणि एकेक खूण ताडून मूळ चाल शोधायची. काकू हे शिकल्या. लॅटिन शिकल्या. संस्कृतच्या विभक्त्या अंगात मुरलेल्या असल्यामुळे ते जड गेलं नाही, असं त्या म्हणायच्या. पण तीन वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत व्याकरणाचं पुस्तक उघडायचं म्हणजे जड नाही तर काय?

लॅथमचा विषय होता वसंतातल्या मिरवणुकांचा. पंचवीस एप्रिलला, आणि मग येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस, युरोपातली कॅथलिक गावं क्रूस पुढे धरून बाहेर पडायची. शेतांच्या बांधांवरून, गावाच्या शिवेवरून. गारा पडू नयेत, पीक जळू नये, साथ येऊ नये म्हणून देवाची करुणा भाकायची. एक जण संतांची नावं घ्यायचा, बाकीचे 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणायचे. ही आळवणी. तिच्याआधी चालता चालता म्हणायची वेगळी गाणी असत, लांबलचक, प्रत्येक गावाची थोडी निराळी. पुढे चर्चची पुस्तकं आटोपशीर झाली, बरीचशी गाणी गळाली. मग मिरवणुकाही बहुतेक ठिकाणी बंद पडल्या.

काकूंनी अशी एकशे बारा गाणी पोथ्यांमधून उतरवून काढली. चौदा वह्या भरल्या. त्याला बावीस वर्षं लागली.

लॅथमचं पुस्तक आलं तेव्हा त्यात सगळी एकशे बारा गाणी होती. काकूंचं नाव आभाराच्या पानावर होतं, शेवटच्या परिच्छेदात, 'टंकलेखन व इतर साहाय्याबद्दल' अशा तीन नावांमध्ये. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. लॅथमनी त्यांना पुस्तकाची सही केलेली प्रत दिली आणि पुढच्या वर्षी निवृत्त होऊन ते व्हरमाँटला गेले. गुरुनाथकाका चिडले. ते म्हणाले, "तू लिही त्याला. विचार त्याला."

काकू म्हणाल्या, "काय विचारू? मला काय हवं होतं ते मी कधी सांगितलंच नाही."

हे सगळं मला खूप उशिरा, त्यांच्याच तोंडून कळलं. काका गेल्यावर आणि काकू निवृत्त झाल्यावर मंडळातर्फे मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. त्यांना हायवेवर गाडी चालवायला भीती वाटायची, तर दवाखान्यात नेणं, इंडियन ग्रोसरीला नेणं अशी कामं. एकदा मी उगाच विचारलं, "काकू, ती गाणी ऐकायला कशी असतात?" त्या भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि तिथेच उभ्या राहून म्हटलं. सुरुवातीचे काही शब्द एका जागीच घुटमळले, मग आवाज निघाला आणि चालू लागला. दुसरा शब्द सुचत नाही मला. चालू लागला. त्या स्वतःही स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आल्या, सोफ्याला वळसा घालून परत गेल्या.

"ही बसून म्हणायची नाहीत रे," त्या म्हणाल्या. "मी सगळी खुर्चीत बसून लिहिली, पण श्वास कुठे घ्यायचा ते मला तळघरातल्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारूनच कळलं. पावलं पडली की कळतं. वह्यांत पेन्सिलनं लिहून ठेवलंय मी. लॅथमनी ते नाही घेतलं, त्यांना ते शास्त्रीय वाटलं नाही." मग म्हणाल्या, "एकदा तरी खऱ्या मिरवणुकीत ऐकायला पाहिजे होतं."

ते झालं, दोन वर्षांनी. गावापासून तासाभरावर डोंगरांच्या मधल्या दरीत शेतकऱ्यांची वस्ती आहे. दुधाचा धंदा, मका, सोयाबीन. तिथे एक छोटं कॅथलिक चर्च. तिथल्या डोना नावाच्या बाई ग्रंथालयात आल्या. पन्नाशीच्या, साठ गाईंचा गोठा सांभाळणाऱ्या, चर्चच्या गायकवर्गाच्या प्रमुख. त्यांच्याकडे फादर केविन नावाचे नवे, तरुण पाद्री आले होते आणि त्यांना वसंतातली शेतांभोवतीची मिरवणूक पुन्हा सुरू करायची होती. डोनाला त्या मिरवणुकीची गाणी हवी होती. ग्रंथालयातल्या मुलीनं लॅथमचं पुस्तक काढून दिलं. डोनानं ते उघडलं आणि म्हणाली, "हे वाचता कुणाला येतं?" मुलगी म्हणाली, "एक बाई आहेत."

पुढचे दोन वसंत दर मंगळवारी संध्याकाळी डोना पिकअप घेऊन काकूंना न्यायला यायची. चर्चच्या तळघरात अकरा जण. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, शाळेतली नर्स, दोघी बहिणी, डोनाचा नवरा. कुणालाच लॅटिन येत नव्हतं. काकूंनी त्यांना कागद दिलाच नाही आधी. ओळ म्हणायची, त्यांनी मागे म्हणायची, आपल्याकडे शिकवतात तसं. बाकं भिंतीला लावून सगळ्यांना गोल फिरायला लावलं. डोना सगळं फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची, म्हणजे आठवडाभर गोठ्यात लावून पाठ करता येईल.

"गाईंना पाठ झालंय," ती एकदा म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाच होत नाहीये."

हे सांगताना काकू हसल्या होत्या. त्या वर्षी त्या बऱ्याच हसायच्या.

पहिली मिरवणूक एप्रिलच्या शेवटी झाली. मी गेलो नव्हतो. काकूंनी मला बोलावलं होतं, पण मला मंडळाच्या मीटिंगचं कारण सापडलं. त्या क्रूसाच्या मागे, गायकांच्या पुढे चालल्या. साडी, त्यावर काकांचं जाड जाकीट, पायात बूट. गाण्याची पहिली ओळ त्यांनी उचलायची, मग बाकीच्यांनी. मैलभर चालले. नांगरलेल्या शेताच्या कडेनं, ओढ्यापर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला आणि त्या बराच वेळ नुसत्याच बोलत राहिल्या. वारा समोरून आला की मागचे कसे मागे पडत होते, फादर केविनच्या पायात कशी उचकी आल्यासारखी लय होती, आणि वळणावर आल्यावर ती ओळ तिथेच का लांबवली आहे हे त्यांना कसं एकदम कळलं. "प्रसन्न, वळायला वेळ लागतो माणसांना. लिहिणाऱ्याला माहीत होतं रे ते!"

दरीतल्या साप्ताहिकात फोटो आला. क्रूस, पाद्री आणि मागे साडीतल्या काकू, तोंड उघडं. कुणीतरी तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

त्याखाली काय काय आलं ते मी इथे लिहीत नाही. 'काकू कन्व्हर्ट झाल्या का?' इथून सुरुवात झाली. उत्तर कुणालाच नको होतं. एक जण म्हणाले, त्यांचा वैयक्तिक प्रश्न आहे, पण मग गणपतीसमोर पहिलं पद त्यांनी म्हणावं का, हा मंडळाचा प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये कमिटीची झूमवर मीटिंग झाली. सात जण. तिघांना आक्षेप होता, तिघे गप्प होते. सातवा मी. मी म्हणालो, "वाद नको यार. मी बघतो."

मी बघितलं म्हणजे एक मेल लिहिली. 'आदरणीय काकू, यंदा नव्या पिढीला संधी द्यावी असा कमिटीचा विचार आहे. आपले मार्गदर्शन सदैव राहोच.' तीनदा वाचून पाहिली. कुठेही चूक दिसली नाही. सेंड केली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'ठीक आहे. कळवल्याबद्दल आभार. आपण वेळ काढून लिहिलेत.'

आपण! बारा वर्षं मला 'अरे' म्हणणारी बाई. मला वाटलं, मेल आहे म्हणून तसं लिहिलं असेल. पण पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला गेलो, तर दार उघडून त्या म्हणाल्या, "या. तुम्हाला फार वेळ थांबावं नाही ना लागलं?" आवाजात राग नव्हता. नवख्या पाहुण्याशी बोलतात तसं. त्या दिवसानंतर मी त्यांच्यासाठी कधीच 'तू' झालो नाही.

त्या वर्षी गणपतीला त्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या, प्रसाद घेतला आणि गेल्या.

हिवाळा सरला आणि मंगळवार पुन्हा सुरू झाले. या वेळी मेची सुरुवात कोरडी गेली. मका पेरून झाला होता आणि माती उडत होती. फादर केविन काकूंना म्हणाले, पावसासाठी वेगळं गाणं होतं का? होतं. चार होती. त्यांतलं सगळ्यांत सुंदर काकूंनी निवडलं. पंधरा दिवस शिकवलं. शेवटच्या ओळीत आवाज खालून चढत जातो आणि वर पोचायच्या आधी एक जागा येते, तिथे हमखास श्वास घ्यावासा वाटतो. तिथे घ्यायचा नाही. घेतला की सगळं सुटतं. त्या एका जागेवर तीन मंगळवार गेले.

तिसऱ्या मंगळवारी त्या दोघी बहिणींपैकी धाकटीनं विचारलं, "याचा अर्थ काय आहे?"

काकूंनी सांगितला. अर्थ असा, की हे देवा, परक्या लोकांच्या मूर्तींमध्ये पाऊस पाडू शकेल असं कुणी आहे का? तुझ्याशिवाय कोण आहे?

बहीण काकूंकडे बघत राहिली. त्यांच्या कपाळावर टिकली होतीच. मग ती म्हणाली, "आणि तुमच्या घरी आहेत ना? मूर्ती?"

"आहेत," काकू म्हणाल्या. "तीन."

कुणीतरी हसलं. डोना म्हणाली, चला, पुन्हा पहिल्यापासून. गाणं पुढे सुरू झालं. काकूंना वाटलं, विषय संपला.

रविवारी फादर केविन यांचा फोन आला. मी त्या वेळी काकूंकडे होतो, धूर ओळखणाऱ्या अलार्मची बॅटरी बदलत. स्पीकरवर होता, कारण काकूंना ऐकू जरा कमी येत होतं. फादर अतिशय सौम्य बोलले. काही कुटुंबांना प्रश्न पडला होता. ही मिरवणूक म्हणजे प्रार्थना, कार्यक्रम नाही. मनात एक आणि तोंडी दुसरं असं असू नये. ते म्हणाले, तुमच्या दृष्टीनेही ते योग्य नाही, त्या शब्दांत तुम्हाला उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा उद्या सोमवारच्या मिरवणुकीत गाणं डोना उचलेल. तुम्ही जरूर या. पाहुण्यांसाठी फाटकापाशी जागा केली आहे.

"फादर," काकू म्हणाल्या, "शेवटच्या ओळीतली जागा डोनाला अजून येत नाही."

"देव सांभाळून घेईल," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी शिडीवरूनच म्हणालो, "काकू, जाऊ नका तुम्ही."

"का? मी सोमवारी मोकळी आहे. तुम्ही मोकळे आहात का?"

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मी त्यांना घेऊन गेलो. रस्त्यात मोटारी न वापरणाऱ्या ॲमिश लोकांची एक घोडागाडी पुढे होती, तिच्यामागे वीस मिनिटं रांगत गेलो. चर्चच्या मागच्या फाटकापाशी चार घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या तीन खुर्च्यांवर व्हीलचेअर सोडून बसलेल्या म्हाताऱ्या बायका. काकू बसल्या नाहीत. फाटकाच्या आडव्या लाकडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ऊन अजून होतं. साठ-सत्तर माणसं जमली होती. क्रूस निघाला, मागे फादर, मागे गायक. त्यांच्या शेजारून एक पिकअप सावकाश चालत होता, मागच्या हौद्यावर छोटा स्पीकर बांधलेला. आणि त्या स्पीकरमधून काकूंचा आवाज आला.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं त्याच गायल्या. वळून बघितलं तर त्यांचं तोंड बंद होतं. डोनाच्या फोनमधलं तळघरातलं रेकॉर्डिंग होतं ते. प्रत्येक ओळीची सुरुवात काकूंच्या आवाजात यायची, मग डोना बटण दाबून तो बंद करायची आणि सगळे मागे म्हणायचे. सूर मिळावा म्हणून. म्हणजे बाई नको होती, आवाज चालत होता. डोना जाताना फाटकाकडे बघून हात हलवून गेली. खरं सांगतो, तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

मिरवणूक शेताच्या कडेनं चढावर लागली. ते गाणं आलं. इतक्या अंतरावरूनही मला मागच्या पंधरा दिवसांतल्या घोकण्यामुळे ओळखू आलं, कारण काकू गाडीत ते पुटपुटायच्या. काकूंच्या उजव्या हाताची बोटं लाकडावर वर-खाली होऊ लागली. शेवटची ओळ सुरू झाली. आवाज चढत गेला, आणि त्या जागी, चढावर दमलेल्या सगळ्यांनी श्वास घेतला.

सुटलं. अर्धे वर गेले, अर्धे तिथेच राहिले. दोन-तीन जण थांबले. डोना एकटीच दोन शब्द रेटत पुढे गेली आणि तिचाही आवाज फाटला. मग सगळी शांतता, नुसता पिकअपचा आवाज. साठ-सत्तर माणसं धुळीत चालताहेत आणि कुणाला काही म्हणता येत नाहीये. पाच सेकंद असतील, दहा असतील.

फाटकापासून ते लोक फुटबॉलच्या अर्ध्या मैदानाएवढ्या अंतरावर होते. काकूंचा आवाज पोचला असता. सत्तरी ओलांडली तरी तो आवाज पोचायचा. मी बघत होतो. त्यांनी श्वास भरून घेतला, छाती वर आली, ओठ सुटले. आणि मग त्यांनी तो श्वास नाकानं हळूहळू सोडून दिला.

तिकडे फादर केविन यांनी स्वतःच संतांची आळवणी सुरू केली. ती सगळ्यांना येत होती. मिरवणूक पुढे गेली.

"चला," काकू म्हणाल्या. "तुम्हाला परत जायला उशीर होईल."

गाडीत मी विचारलं, "त्या शब्दांचं तुम्हाला काहीच वाटलं नाही? शिकवताना?"

"ज्यानं ते शब्द लिहिले, त्याला मी माहीत नव्हते," त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "हजार वर्षांपूर्वीच्या माणसावर काय रागवायचं? ज्यांना मी माहीत आहे त्यांचं बोला." आणि मग गाव जवळ आल्यावर, "मी म्हटलं असतं तर सावरलं असतं. मला येत होतं. मी म्हटलं नाही. हे मला आता जन्मभर माहीत राहणार."

पाऊस जूनच्या शेवटी शेवटी आला, तोवर बरंच पीक खुरटलं होतं. डोनाच्या नवऱ्यानं वीस गाई विकल्या, असं ऐकलं. डोनानं त्यानंतर दोनदा फोन केला. काकूंनी उचलला नाही. ख्रिसमसला कार्ड आलं, त्यात लिहिलं होतं, 'पुढच्या वसंतासाठी बाकीची तीन पावसाची गाणी पाठवशील का?' काकूंनी ते कार्ड मला दाखवलं. 'बाकीची' या शब्दावर बोट ठेवलं आणि कार्ड टेबलावर ठेवून दिलं.

पुढच्या मार्चमध्ये राधिकानं त्यांना अटलांटाजवळच्या अल्फारेटाला स्वतःकडे न्यायचं ठरवलं. घर विकायला काढलं. मी सामान बांधायला गेलो. गॅरेजमध्ये रिसायकलिंगचा निळा डबा होता आणि त्यात जुन्या वर्तमानपत्रांवर चौदा वह्या पडल्या होत्या. वरचीच उघडी होती. काळ्या शाईतले स्वर, आणि त्यांच्यामधून पेन्सिलनं काढलेली लहान लहान पावलं, श्वासाच्या खुणा, समासात मराठीत शेरे. 'इथे वारा असेल तर दम पुरत नाही.' 'वळण.' 'मागचे येईपर्यंत थांब.'

"काकू, हे चुकून..."

"चुकून नाही. गाणी सगळी लॅथमच्या पुस्तकात आहेत. ज्याला हवी त्यानं घ्यावीत."

"पण पेन्सिलचं त्यात नाही. मी ठेवतो. माझ्याकडे राहू देत."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही."

"मग?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी तरीही त्या उचलू शकलो असतो. त्या आत चहा टाकायला गेल्या होत्या. पण त्यांनी फेकलेलं त्यांच्या पाठीमागे उचलायचा हक्क मला त्या मेलनंतर राहिला नाही असं वाटलं. की तेही कारणच होतं, मीटिंगसारखं? मला अजून ठरवता आलेलं नाही. गुरुवारी ट्रक येऊन डबा रिकामा करून गेला.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानं अटलांटाला गेलो होतो, तेव्हा अल्फारेटाला त्यांच्याकडे गेलो. मोठं घर, मागे तलाव. काकू बारीक झाल्यात. राधिका म्हणाली, आई इथल्या मंडळात येत नाही, गात नाही, बोलावलं तर घसा दुखतो म्हणते. तिची मुलगी अनुष्का शाळेच्या कॉयरमध्ये गाते. ती नोटेशनचा कागद घेऊन आली, "आजी, कॅन यू रीड धिस?" काकूंनी चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाल्या, "नाही गं. मला नाही यातलं कळत." अनुष्का "ओके" म्हणून गेली. राधिकानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

राधिका आत गेल्यावर मी बोललो. तीन वर्षं बोलायचं होतं ते. म्हणालो, "काकू, ती मेल मी लिहायला नको होती. कुणी मला बळजबरी केली नव्हती. मी घाबरलो."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या वर्षी पद कुणी म्हटलं होतं?"

"मोनानं."

"मोना बावन्न वर्षांची आहे," काकू म्हणाल्या. "नवी पिढी."

त्यांनी माझ्यापुढची कपबशी उचलली आणि उठल्या. राधिका दारात येऊन म्हणाली, "प्रसन्नदादा, जेवूनच जा आता, पिठलं-भात टाकते."

"नको गं," काकू आतूनच म्हणाल्या, "त्यांची फ्लाइट आहे."

फ्लाइट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी बूट घातले आणि निघालो.